औषधांच्या गोदामात पोरांच्या कमरा धरतायत: पट्टे घ्यावेत की रॅक हलवावेत?

देवासनाका_गोदाम (इंदूर)

नमस्कार मंडळी.

इंदूरला देवास नाक्याच्या पुढे औषधांच्या होलसेलचं गोदाम आहे, तिथे सुपरवायझर आहे मी. दवा बाजारातली जागा पुरेना म्हणून सेठजींनी इकडे पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. जागा ऐसपैस मिळाली, पण रॅक जुन्याच जागेतले उचलून आणले आणि तिथे जसे होते तसेच इथे उभे केले.

काम असं चालतं. मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी फोनवर आणि ॲपवर येतात, बिलिंगमधून लिस्ट निघते, पोरं ट्रॉली ढकलत रॅकमधून माल काढतात. चेकिंगच्या टेबलावर ताई बॅच नंबर आणि एक्स्पायरी ताडून बघतात आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खोकी भरून टेप मारली जाते. शहरातला माल आमच्या लोडिंग रिक्षातून जातो. उज्जैन, खंडवा, बडवानीचा बसच्या पार्सलनं जातो, आणि बस काही आपल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे दुपारी चारनंतर नुसती पळापळ.

पोरं सगळी वीस-तीसच्या आतबाहेरची. मांगलियाहून, लसूडियाहून येतात. तरी एकेकाची कंबर धरायला लागली आहे. एक तर काम सोडूनच गेला, आता मोबाइलची कव्हरं विकतो आणि मला म्हणतो, भिया, यात निदान वाकावं लागत नाही. बाकीच्यांच्या डब्याच्या पिशवीत मालिशचं तेल असतं. चेकिंगच्या ताई आमच्या नात्यातल्याच, रामबागेतल्या. त्यांची मान आणि उजवा खांदा कायम आखडलेला.

रॅक स्लॉटेड अँगलचे (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचे), सात फुटी, सहा फळ्यांचे. माल कंपनीवार आणि कंपनीत एबीसीडीप्रमाणे. सिरपच्या बाटल्या सगळ्या तळाच्या फळीवर, कारण जड खाली, हलकं वर. सलाइनची खोकी शटरसमोरच्या भिंतीला टेकवून पॅलेटवर (फळ्यांच्या बैठ्या चौकटीवर) रचलेली. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचं खोकं, काट्यावर तेरा किलोच्या आसपास भरतं.

सेठजींचं म्हणणं, सगळ्यांना कमरेचे पट्टे घेऊन देऊ आणि शनिवारी योगाच्या मास्तरांना बोलावू. माणूस भला आहे, खर्चाला नाही म्हणत नाही, पण कन्व्हेयर वगैरे मागितला तर हाकलून देईल. रॅकही नवे येणार नाहीत. मला मनातून वाटतंय की दोष मांडणीत आहे, पण सेठजींना दाखवायला हातात काही नाही. आणि एबीसीडी मोडली तर अर्ध्या पोरांना माल सापडायचा नाही, कारण ती लिस्ट वाचत नाहीत, हात आपोआप जातो. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

पीथमपूर_निवृत्त

पट्टे घेऊ नका. कारण फिजिओवाले कुणी सांगतील, मी मांडणीवर बोलतो. पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइन आणि स्टोअरची मांडणी हेच काम केलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

सेठजींना दाखवायला आकडे हवेत ना, ते घ्या. अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करते. वजन उचलण्यासाठी त्यांचं एक सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं आदर्श असेल, म्हणजे खोकं अंगाजवळ, हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, वळणं नाही, पकड चांगली, तर बहुतेक धडधाकट माणसांना २३ किलो चालतं. मग प्रत्येक अडचणीला एक गुणक लागतो आणि आकडा खाली येत जातो.

तुमचं सलाइनचं खोकं घेऊ. पॅलेटवरच्या खालच्या थरातलं, हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. घोट्यापासून हातापर्यंतचं आडवं अंतर ५० सेंटिमीटर धरा, पॅलेटवर ओणवं व्हायचं तर तेवढं होतंच. अंतराचा गुणक २५ भागिले ५०, म्हणजे ०.५. इथेच २३ चे साडेअकरा झाले. उंचीचा ०.८२. ट्रॉलीपर्यंत ६० सेंटिमीटर वर न्यायचं, त्याचा ०.८९५. ट्रॉली बाजूला उभी म्हणून कमरेतून ४५ अंश वळायचं, त्याचा ०.८५६. खोक्याला धड पकड नाही, ०.९५. सगळ्यांचा गुणाकार करा, ६.९ किलो येतात. तुमचं खोकं १३ चं, जवळजवळ दुप्पट. दिवसभर मिनिटाला एक उचल धरली तर आणखी ०.७५ नं गुणायचं, मग पाच किलोवर काटा येतो.

आता तेच खोकं कमरेच्या उंचीला ठेवा, घोट्यापासूनचं आडवं अंतर ३० सेंटिमीटर, वळायचं नाही, वर न्यायचं ते वीतभरच. आकडा १९ किलो. दिवसभर मिनिटाला एक उचल धरली तरी १४.४. खोकं तेच, माणूस तोच. सेठजींना हे एका कागदावर मांडून द्या, व्यापारी माणसाला गुणाकार लगेच कळतो.

यात सगळ्यात मोठी कात्री कुठे लागली बघा. अंतरावर. लोक वजनावर भांडत बसतात आणि हात अंगापासून किती लांब जातो ते कुणी बघत नाही. पाण्यानं भरलेली बादली मांडीला लावून धरा आणि मग हात लांब करून धरा, काय ते खांदाच सांगेल.

तुमची पॅलेट भिंतीला टेकलेली आहे, ती आधी ओढा. पॅलेट साधारण १२०० बाय १००० मिलिमीटरची असते. भिंतीला लावली की पलीकडच्या ओळीतलं खोकं काढायला मीटरभर हात घालावा लागतो. चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा सोडा. औषधं तशीही भिंतीपासून सुटी ठेवायची असतात, ओल लागते म्हणून, तेव्हा एका दगडात दोन पक्षी. मग भरल्या पॅलेटखाली रिकाम्या पॅलेट घाला. लाकडी पॅलेट एक म्हणजे साधारण १४-१५ सेंटिमीटर. तीन घातल्या की तळचा थर गुडघ्याच्या आसपास येतो. त्या एकमेकींना ठोकून पक्क्या करा, नुसत्या रचू नका. वरचा थर छातीच्या वर जाता कामा नये, म्हणजे रचण्याचे थर कमी होतील आणि जागा जास्त लागेल. ती तुमच्याकडे आहे म्हणालात.

ट्रॉली खोक्यांना चिकटून उभी करू देऊ नका. दोन फूट मागे ठेवायला सांगा. चिकटून असली की पाय जागेवर राहतात आणि कंबर वळते. मध्ये एक पाऊल टाकायची जागा असली की माणूस आपसूक पायानं वळतो.

सिरपवर सविस्तर नंतर लिहितो, आत्ता जेवायला हाक आली आहे. तोवर एक करा. बिलिंगमधून महिन्याचा आयटमवार रिपोर्ट काढा आणि नगांवर लावू नका, बिलाच्या ओळींवर लावा. एका ओळीत शंभर स्ट्रिपा गेल्या तरी हात एकदाच गेला. शंभर ओळींत एकेक बाटली गेली तर शंभरदा वाकणं झालं.

देवासनाका_गोदाम (इंदूर)

काका, खूप आभार. गुणाकार करून सेठजींपुढे ठेवला. पहिलं वाक्य, "ये अमेरिकावालों का है, अपने लड़के मजबूत हैं." दुसरं वाक्य, पॅलेट ओढायला किती माणसं लागतील? म्हणजे काम झालं.

ओळींचा रिपोर्ट काढला आणि चक्रावलो. आम्हाला वाटायचं सगळ्यात जास्त गोळ्या जातात. नगांत तसंच आहे. ओळींत मात्र खोकल्याची सिरपं, ॲसिडिटीचं जेल आणि ओआरएस वर आली. आणि ओआरएस सोडलं तर हे सगळं तळाच्या फळीवर, जमिनीपासून चार इंचांवर!

दोन शंका. जड माल तळातून मधल्या फळीवर आणला तर रॅक पुढे कलणार नाही का? आणि एबीसीडीचं काय करू?

पिकर_भाऊ

मी पिकिंग करतो, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकमधून माल काढतो. ऑनलाइन मालाच्या एका मोठ्या गोदामात, नाव नको. तुमच्याकडे निदान सुपरवायझर विचारतो तरी.

आमच्याकडे मांडणी चांगली आहे, रोज जाणारा माल कमरेला. तरी दुखतं, कारण तासाला किती नग काढले ते मशीन मोजतं. मांडणी सुधारली की वेळ वाचतो, वेळ वाचला की टार्गेट वाढतं. म्हणजे वाकणं कमी झालं पण हात दुप्पट चालायला लागले, आता मनगट जातंय. सेठजींना एवढं सांगा की वाचलेला वेळ पोरांनाच राहू द्या.

दुसरं, तुमच्या पोरांच्या हातात लिस्ट असते की मोबाइल? जे असेल ते एका हातात, म्हणून उचलणं दुसऱ्या एका हातानं. मी नवीन होतो तेव्हा सगळी उचल उजव्यानंच व्हायची, डाव्यात स्कॅनर. ट्रॉलीच्या दांड्याला क्लिपबोर्ड बांधा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि काय घालतात पायात? चप्पल असेल तर आधी ती बघा.

पीथमपूर_निवृत्त

पिकर भाऊंचा एका हाताचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी दिलेलं सूत्र दोन्ही हातांच्या उचलीसाठीच आहे. एका हाताला ते लागूच पडत नाही, म्हणजे ते १९ किलो विसरायचे. आणि टार्गेटचंही खरं बोलले. कारखान्यात आम्ही सायकल टाइम (एका नगामागे लागणारा वेळ) कमी केला की कामगार संशयानं बघायचे, उगाच नाही.

आता रॅक. तुमची शंका रास्त आहे. "जड खाली" हा नियम रॅकसाठी आहे, माणसासाठी नाही, आणि दोघांचंही राखता येतं. तळाच्या फळीवर तोच माल न फोडलेल्या खोक्यांत राहू द्या. ती राखीव फळी, तिला दिवसातून एखाद वेळा हात लागेल. सुट्या बाटल्या तेवढ्या मधल्या दोन फळ्यांवर. तळ जडच राहतो, रॅक कलत नाही. शिवाय सात फुटी स्लॉटेड अँगल मोकळा उभा असेल तर भिंतीला किंवा पाठीला पाठ लावून दुसऱ्या रॅकला बोल्टनं बांधाच, माल कुठेही असो. फळीच्या चारही कोपऱ्यांत तिकोनी प्लेट आहेत का बघा. जुने रॅक उचलून आणताना त्या निम्म्या हरवतात आणि मग अख्खा रॅक डुलतो. पत्रा मधोमध झोळ खात असेल तर खालून अँगलचा एक तुकडा आडवा मारून घ्या.

कोणती फळी? पोरांना हात सरळ खाली सोडून उभं करा, मुठीची उंची बघा. तिथपासून खांद्यापर्यंतचा टप्पा हे सोनं. साधारण ७५ ते १२५ सेंटिमीटर. ह्यात काय बसवायचं ते ओळी आणि वजन दोन्ही बघून ठरवा. हलकी स्ट्रिप डोळ्यांच्या उंचीला गेली तरी बिघडत नाही, जेलची बाटली जाऊ नये. स्लॉटेड अँगलला भोकं असतात ती फळी वर-खाली करता यावी म्हणूनच. आयुष्यात कुणी ते बोल्ट खोलत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि फळीची खोली दोन फूट असेल तर छोटा माल मागे ढकलला जातो आणि पोरगं डोकं रॅकमध्ये घालून हात लांब करतं. मागे रिकामं खोकं किंवा फळकूट घालून माल कडेवर आणा.

एबीसीडी मोडू नका. तिला हातही लावू नका. फक्त चेकिंगच्या टेबलाला लागून दोन रॅक मोकळे करा आणि ओळींच्या रिपोर्टमधला वरचा माल तिथे मांडा, कंपनी कुठलीही असो. "चालू माल" म्हणून मोठी पाटी लावा. बाकीचं गोदाम जसंच्या तसं. जुन्या जागी त्या औषधाच्या नावापुढे "चालू मालात बघा" अशी चिठ्ठी चिकटवा, म्हणजे सवयीनं हात गेला तरी परत फिरेल. पिकिंगमध्ये निम्मा वेळ चालण्यातच जातो हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पळापळही कमी होईल. पावसाळा लागला की यादी पुन्हा काढा, दुसरंच काहीतरी वर आलेलं असेल.

फिजिओ_सुदामानगर

पट्ट्यांबद्दल मी सांगते. १९९४ साली त्याच नायॉशनं म्हटलं होतं की धडधाकट कामगाराला पट्ट्यानं इजा टळते असा पुरावा नाही, तो सरसकट देऊ नये. पुढे २००० साली दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवरचा मोठा अभ्यास आला, त्यातही पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात फरक दिसला नाही. उलट पट्टा बांधला की माणसाला वाटतं आता जास्त उचललं तरी चालेल. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, बाहेर बेचाळीस अंश, त्यात तो पट्टा! घामोळ्यांसाठी वेगळा डॉक्टर बघावा लागेल.

योगाला माझी ना नाही. पण शनिवारी तासभर केलेला योग सोमवार ते शुक्रवारच्या वाकण्याचा हिशेब मिटवत नाही.

"कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका" हे तुम्ही भिंतीवर लिहिणार असाल तर थांबा. जड खोकं क्वचित उचलायचं असेल तर ठीक. पण तळाच्या फळीवरून सिरपची एक बाटली काढायला दर वेळी कुणीही उकिडवं बसत नाही, आणि बसला तर महिन्याभरात गुडघे घेऊन माझ्याकडे येईल. शिवाय रुंद खोकं दोन गुडघ्यांच्या मध्ये मावतच नाही, गुडघ्यांच्या पुढे राहतं, म्हणजे अंतर वाढलंच. हातात बाटली दोनशे ग्रॅमची असली तरी वाकलेल्या माणसाच्या पाठीला कमरेवरचं सगळं अंग तोलावं लागतं. साठ किलोचा पोरगा असेल तर तीस किलो तेच झाले. त्यामुळे काकांनी सांगितलेलं खरं, वाकण्याची जागाच काढून टाका.

आता ज्याचं आधीच दुखतंय त्याच्याबद्दल. साधी कंबरदुखी असेल तर अंथरुणाला खिळून राहू नये, हलकं काम आणि चालणं सुरू ठेवावं, बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. सकाळी उठल्या उठल्या कणा जास्त ताठर असतो, म्हणून शिफ्ट सुरू होताच सलाइनची गाडी खाली करायला लावू नका. अर्धा तास स्ट्रिपांचं काम द्या, मग जड. पण दुखणं गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा चवडा उचलता येत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवा. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली तर त्याच रात्री हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. हे पोरं लाजेनं सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच आधी सांगून ठेवा.

पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जातंय का बघा. कार्ड असेल तर नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवता येतं, मालिशवाल्याकडे पैसे घालवायला नकोत.

बडोद्याचा_भाचा

मी बडोद्याला मकरपुऱ्याच्या बाजूला, केमिकलच्या गोदामात. सगळे रॅकवर बोललेत म्हणून मी ट्रॉलीवर.

ट्रॉलीची चाकं कसली आहेत? चार इंची कडक नायलॉन असतील तर फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकतात आणि पोरगं झटका देऊन काढतं. तो झटका कमरेत जातो. आम्ही सहा इंची पॉलियुरेथेनची घातली, ढकलायला लागणारा जोर लगेच कमी जाणवला, आवाजही गेला. फिरती चाकं दांड्याच्या बाजूला आणि स्थिर चाकं पुढे, उलट बसवलीत तर वळताना ट्रॉली आडवी पळते. दांडा कमर ते कोपर यांच्या मध्ये कुठेतरी. आणि ढकलायची, ओढायची नाही. ओढताना एक हात मागे जातो, अंग पिळतं, वर टाचेवर चाक चढतं ते वेगळंच.

ट्रॉलीची खालची फळी मात्र काढून टाका किंवा तिच्यावर रिकामी खोकी ठेवा. रॅकवरून कमरेच्या उंचीचा माल काढून पोरं तो ट्रॉलीच्या तळाला ठेवतात, मग काय मिळवलं?

जाता जाता, कायद्याचं कुणी बोललं नाही. फॅक्टरी ॲक्टात १९४८ पासून कलम ३४ होतं, इजा होईल इतकं जड कुणाला उचलायला लावू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ ची शिफारस पुरुषासाठी ५५ किलोची. मालक लोक हा ५५ चा आकडा बरोबर लक्षात ठेवतात आणि म्हणतात, तुमचं खोकं तर १३ चंच आहे.

देवासनाका_गोदाम (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

पॅलेट भिंतीपासून सुटल्या, खाली रिकाम्या घालून ठोकल्या. "चालू माल"चे दोन रॅक टेबलाजवळ लागले. पहिला आठवडा शिव्या खाल्ल्या, कारण चिठ्ठ्या लावूनही पोरं जुन्या जागीच जायची. आता त्यातलाच एक नव्या पोराला दटावतो, उधर क्या ढूंढ रहा है, सामने देख. क्लिपबोर्ड बांधले. चाकं पुढच्या महिन्यात. पट्टे रद्द, त्या पैशांत सगळ्यांना बूट. योगाचे मास्तर मात्र येणार, सेठजींनी त्यांना शब्द दिला आहे.

वाचलेल्या वेळाचं पिकर भाऊंच्या शब्दांतच सांगितलं. सेठजी काही बोलले नाहीत. पण चारच्या आधी दहा मिनिटं चहाला सगळे एकत्र बसतात, त्यावर अजून तरी आक्षेप आलेला नाही.

आता उरलं टेबल. जुन्या ऑफिसचं, तीस इंची. ताईंचं कोपर उभ्यानं ३८ इंचांवर येतं, पॅकिंगच्या पोराचं ४१. दोघंही वाकतात असं दिसतं, म्हणून चारही पायांखाली लाकडी ठोकळे घालून सगळं टेबल आठ इंच उचलावं असा विचार आहे. बरोबर आहे ना?

पीथमपूर_निवृत्त

निम्मं बरोबर. सगळं टेबल उचलू नका.

टेबलाची उंची मोजायची नसते, हाताची मोजायची असते. पॅकिंगचं खोकं किती उंच? बारा इंच धरा. तीस इंची टेबलावर बारा इंची खोकं म्हणजे वरची कड ४२ इंचांवर, पोराच्या कोपराच्याही वर. टेप मारताना हात तिथे असतो. आठ इंच आणखी उचललंत तर कड पन्नासावर, तो खांदे उचलून टेप मारेल आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्याचा खांदा घेऊन इथे विचारायला याल. जोर लावायच्या कामाला हात कोपराच्या बराच खाली हवा. पॅकिंगला तीस इंच ठीक आहे, मोठ्या खोक्यांना तर आणखी खाली चालेल. तो वाकतो ते खोक्याच्या तळाशी माल लावताना. आधी खोकं आडवं ठेवून भरता येतं का बघा.

ताईंचं उलट. त्यांचं काम डोळ्यांचं आहे. चंदेरी फॉइलवर ठोकलेला बॅच नंबर, त्यावर वरच्या ट्यूबलाइटची चमक, म्हणून स्ट्रिप तिरपी करून मान खाली घालून वाचतात. असं बारीक बघायचं काम कोपराच्या दोन-चार इंच वर हवं. म्हणजे त्यांना चाळीस-एकेचाळीस इंच. एकच टेबल दोघांना पुरणार नाही, ते कापून वेगळं करा किंवा ताईंच्या टोकाला वर अँगलची चौकट ठेवून तिच्यावर उतरती फळी बसवा. सांवेर रोडला कुणीही वेल्डर करून देईल. ट्यूबलाइट डोक्यावरून हलवून डाव्या हाताला बाजूनं घ्या, चमक जाईल आणि ठोकलेल्या आकड्यांची सावली पडेल, वाचायला सोपं. मानेचं निम्मं दुखणं उजेडाचं असतं.

आणि त्यांना उंच स्टूल द्या, साधारण अठ्ठावीस इंची. दिवसभर उभं राहायचं कारण काय? तुमच्या बडोद्याच्या भाचेबुवांनी कलम ३४ सांगितलं, त्याच कायद्यात ४४ वं कलम उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या म्हणून होतं. स्टूल घेताना पाय टेकवायची रिंग आहे ना बघा, नाहीतर पाय लोंबकळून मांडीखाली रग लागते आणि ताई स्टूल बाजूला सारून पुन्हा उभ्याच राहतील. आणि फळीखाली गुडघे घालायला जागा सोडायला वेल्डरला आधीच सांगा, तो नेमका तिथेच आडवा अँगल मारतो.